आकाश एका काचेचें, समुद्र दुसऱ्या काचेचा

मावळतीच्या वेळीं समुद्रकांठीं छायाचित्र घेणाऱ्यास एक अडचण हटकून येते. आकाश साधावें तर खडक काळेठिक्कर पडतात. खडक साधावे तर आकाश पांढरें फटक होतें. आजच्या डिजिटल कॅमेऱ्याचीही यांतून सुटका नाहीं. पण ही अडचण फार जुनी आहे.

१८५१ सालीं कलोडियनची ओली काच प्रचारांत आली. तिच्यावरील रसायन निळ्या प्रकाशाला अतिशय हळवें, तांबड्याला जवळजवळ आंधळें. त्यामुळें खडकांचा ठसा उमटेपर्यंत आकाश करपून जाई. मग पुष्कळसे छायाचित्रकार निगेटिव्हवरील आकाश काळ्या रंगानें झांकून टाकीत. कागदावर तें कोरें येई. आकाश धड येत नाहीं, तर मुळीं नकोच, असा हा व्यवहार!

पॅरिसच्या गुस्ताव्ह ल ग्रे यास हें मानवलें नाहीं. पॉल देलारोश या चित्रकाराचा तो शिष्य. सेत येथें १८५७ सालीं घेतलेल्या लाटेच्या सुप्रसिद्ध चित्रांत त्यानें आकाशासाठीं एक व समुद्रासाठीं दुसरी अशा दोन काचा वापरल्या, आणि क्षितिजरेषेवर त्यांचा सांधा जुळविला. एक काच छापतांना कागदाचा उरलेला भाग झांकावयाचा, मग दुसरी ठेवून उलट करावयाचें. कृति ऐकावयास सोपी. पण केसभर चूक झाली कीं क्षितिजावर रेघ उमटलीच.

ही लबाडी नव्हे काय? ल ग्रेनें तेच ढग एकाहून अधिक समुद्रांवर पसरले आहेत. चित्रें शेजारीं ठेवलीं म्हणजे तें दिसतें. छायाचित्र ही साक्षीदाराची जबानी मानणाऱ्यास हें खटकणारच, आणि तें रास्तही आहे. पण तें कोरें आकाश तरी कोणीं पाहिलें होतें? माझ्या मतें दोहोंत कमी खोटें ल ग्रेचेंच. व्यवहार मात्र त्याला साधला नाहीं. १८६० सालीं त्यानें पॅरिस सोडलें, आणि १८८४ मध्यें तो कैरोंत वारला.

पुढें १९९७ सालीं पॉल डेबेवेक व जितेंद्र मलिक यांनीं, एकाच दृश्यास कमीअधिक वेळ प्रकाश देऊन घेतलेल्या अनेक छायाचित्रांवरून मूळ प्रकाशाचें मान गणितानें काढण्याची रीत प्रसिद्ध केली. अशीं चित्रें जोडण्याचें काम आतां खिशांतला फोनही करतो. लाट मात्र तेथेंही अडविते: दोन चित्रांच्या मध्यें ती पुढें सरकते, आणि जोडचित्रांत तिचें भूत उरतें. ल ग्रेनें लाट एकाच काचेवर ठेविली होती.