भामचे भोसले, फिरंग तलवार व जर्मन पात्यांची परीक्षा

ता. २९ एप्रिल २०२५ रोजीं सदबी यांच्या लंडन येथील लिलावांत आलेली एक तलवार महाराष्ट्र शासनानें सुमारें ४७ लक्ष १५ हजार रुपयांस मिळविली, व त्याच वर्षीं ऑगस्ट महिन्यांत ती मुंबईस आली. तिचें पातें सरळ व एकधारी, युरोपी बनावटीचें आहे. मूठ मुल्हेरी घाटाची असून तीवर सोन्याची नक्षी आहे. पात्याच्या पाठीवर, मुठीजवळ, ‘श्रीमंत राघोजी भोसले सेनासाहेब सुभा फिरंग’ असा देवनागरी लेख सोन्यांत उतरविला आहे.

हा लेख वाचतांना यवतमाळ जिल्ह्यांतील अभ्यासकास भाम आठवल्यावांचून राहणार नाहीं. अडाण नदीकांठचें हें आतां उजाड झालेलें स्थळ एके काळीं कान्होजी भोसले यांचें ठाणें होतें. छत्रपति शाहू महाराजांची कान्होजींवर अवकृपा झाल्यावर सेनासाहेब सुभा हें पद राघोजींकडे आलें. १७३० च्या सुमारास राघोजी भामवर चालून गेले. कान्होजी तेथून निघाले, परंतु वणीजवळ मंदर येथें सांपडले व साताऱ्यास बंदींत पडले. तलवारीवर ज्या पदाचा उच्चार आहे त्याचा निकाल असा याच जिल्ह्याच्या भूमीवर लागला.

तथापि लेख मालकाचें नांव सांगतो, लोहाराचें नव्हे. मालकाविषयींही तो एकटा पुरेसा नाहीं. १७५५ मध्यें वारलेल्या पहिल्या राघोजींप्रमाणेंच १८१६ मध्यें वारलेले दुसरे राघोजीही सेनासाहेब सुभा होते. ही तलवार पहिल्या राघोजींची मानली आहे. अशा निर्णयास नांव व पद यांखेरीज अक्षरांचें वळण व मुठीचा घाट यांची साक्ष लागते. पात्याची साक्ष तर याहून निराळीच घ्यावी लागते.

फिरंगी म्हटलें कीं पोर्तुगीज, असा अर्थ रूढ असल्यामुळें प्रत्येक सरळ पातें पोर्तुगालांत घडलें अशी समजूत आढळते. ती टिकणारी नाहीं. गलबत पोर्तुगीजांचें, डचांचें वा इंग्रजांचें असो, त्यांतील पातें पुष्कळदां तिसऱ्याच देशचें असे. सोळाव्या व सतराव्या शतकांत जर्मनींतील झोलिंगेन हें गांव युरोपभर पातीं पुरवीत असे. तेथें पातें घडविणारे, त्यास पाणी देऊन घासणारे व जुळणी करणारे असे कारागिरांचे वेगवेगळे संघ होते. पुष्कळ पातीं मुठीवांचूनच परदेशीं जात, व जेथें जात तेथील कारागीर आपल्या रीतीची मूठ चढवी. आपल्या फिरंगेचा जन्म अशाच दोन ठिकाणीं झालेला असतो.

हीं पातीं ओळखावयाचीं कशीं? सर्वांत प्रसिद्ध खूण धांवत्या लांडग्याची होय. छिन्नीच्या चार-सहा घावांत काढलेला व पुष्कळदां पितळेनें भरलेला हा लांडगा मूळचा डॅन्यूब नदीवरील पासाऊ शहराचा. पुढें झोलिंगेनच्या लोहारांनीं तो उचलला. म्हणून लांडगा दिसला तर पातें जर्मन असण्याचा संभव बळावतो, परंतु गांव ठरत नाहीं. मुकुटधारी राजाचें मस्तक ही योहानेस वुंडेस या झोलिंगेनच्या लोहाराची खूण. पण तीही इतरांनीं वापरली. ‘आंद्रेआ फेरारा’ हें इटालियन व ‘साहागुन’ हें स्पॅनिश नांव झोलिंगेनच्या पात्यांवरही आढळतें, कारण नांवास बाजारांत किंमत होती. दांतेरी कोयत्यांची जोडी ही जेनोआची म्हणून प्रसिद्ध असलेली खूण जर्मनांनीं उतरली, तशी हिंदी लोहारांनींही उतरली.

पोथ्या जमविणारांस हें नवीन वाटूं नये. जुन्या प्रतीची पुष्पिका शकासह जशीच्या तशी उतरणारा नकलकार आपल्या नित्य परिचयाचा आहे. तेथें आपण कागद व अक्षर पाहून पुष्पिकेची पारख करतों. येथें पात्याचा घाट, त्यावरील पन्हळींची संख्या व लांबी, आणि खुणेचा ठसा हीं तिन्ही एकमेकांशीं जुळतात कीं नाहीं तें पाहावें.

लहान शस्त्रांचीही हीच कथा आहे. मोडलेल्या फिरंगेचा तुकडा कट्यारीस बसविण्याची चाल दक्षिणेंत होती. अशा कट्यारीच्या पात्यावर अर्धवट तुटलेलीं रोमन अक्षरें किंवा मध्येंच थांबलेली पन्हळ दिसली, तर तें पातें पूर्वीं लांब होतें असें समजावें. अलीकडच्या चाकूसुऱ्यांची परीक्षा सोपी आहे. परदेशी मालावर देशाचें नांव असावें असा निर्बंध हिंदुस्थानांत १८८९ च्या कायद्यानें आला; म्हणून ‘मेड इन जर्मनी’ हीं अक्षरें असलेला चाकू सामान्यतः त्यानंतरचा धरावा. हेंकेल्स घराण्याची जुळ्या भावांची खूण मात्र १७३१ पासूनची आहे. केवळ तिच्यावरून काळ ठरवूं नये.

या सर्व साक्षी फार नाजूक आहेत. खंडेनवमीस घरोघरचीं शस्त्रें पूजेस निघतात, आणि त्याआधीं तीं राख, चिंच वा विटेच्या पुडीनें घांसलीं जातात. चार पिढ्यांच्या या भक्तीनें लांडग्याचे पाय जातात, मग पितळ जातें, शेवटीं पाठीवरील लेखही जातो. दुसरा धोका मूठ काढण्याचा. फिरंगेच्या मुठीपासून उतरणाऱ्या पट्ट्या पात्यास खिळ्यांनीं जखडलेल्या असतात, व त्यांच्याखालीं लोहाराची खूण दडलेली असूं शकते. कुतूहलानें ते खिळे उडविणारा मनुष्य एक साक्ष वाचण्यासाठीं दुसरी मोडतो.

तेव्हां संग्राहकांस विनंती ही कीं, पातें मऊ फडक्यानें पुसून तेलाचा हलका हात द्यावा, तिरप्या उजेडांत दोन्ही अंगें व पाठ पाहावी, खुणेचें छायाचित्र मापासह घ्यावें, आणि शस्त्र कोणत्या घरीं कोणत्या गांवीं होतें हें तेथेंच लिहून ठेवावें. राघोजींची फिरंग लेखामुळें ओळखली गेली. वऱ्हाडांतील देवघरांत ज्या निर्लेख तलवारी आहेत त्यांस बोलावयास ती एक पुसट खूणच काय ती उरली आहे. येत्या खंडेनवमीच्या आधीं ती पाहून घ्यावी.