नगरच्या सुलतानाचा समुद्र

नगरच्या माणसाला समुद्र परका. पण निजामशाहीचे एक दार समुद्रावर उघडत होते, हे मला शाळेने नव्हे, आजोबांनी शिकवले. आजी चांदबिबीची गोष्ट सांगायची. गोळे संपले तेव्हा तिने तांब्याची, मग रुप्याची आणि शेवटी सोन्याची नाणी तोफेत भरून मोगलांवर उडवली म्हणे. ती गोष्ट संपली की आजोबा विचारायचे, "आणि कोर्लई?"

चौलच्या बंदरात अरबी घोडे उतरत, घाट चढून देशावर येत. तिथे पोर्तुगिजांना पाय रोवू दिला तो पहिल्या बुऱ्हाण निजामशहानेच. १५७०-७१ मध्ये मुर्तजा निजामशहाने चौलला वेढा घातला, पण ठाणे हाती आले नाही. मग दुसऱ्या बुऱ्हाणने चौललगतच्या रेवदंड्यासमोर, कुंडलिकेच्या खाडीपलीकडे कोर्लईच्या डोंगरावर कोट उभारला. तिथल्या तोफांच्या टप्प्यातून गेल्याशिवाय जहाजाला खाडीत शिरता येईना. पोर्तुगाल तेव्हा स्पेनच्या दुसऱ्या फिलिपच्या ताब्यात होते, १५८० पासून. म्हणजे इंग्लंडवर आरमार धाडणाऱ्या राजाशीच नगरकरांची गाठ पडली होती!

सप्टेंबर १५९४ मध्ये पोर्तुगीज चालून आले. आजोबांच्या गोष्टीत इथे हत्ती यायचा. बाहेर लढणारे सैनिक माघार घेत आत शिरताहेत, मागोमाग शत्रू, आणि जखमी हत्ती नेमका दरवाज्यात कोसळतो. दार काही लागत नाही. कोर्लईची ती अरुंद धार मी चढले आहे. दोन्ही अंगांना पाणी, एकामागून एक दरवाजे, आणि दोन माणसे शेजारून जेमतेम जातील एवढ्या वाटा. अशा ठिकाणी पळणाऱ्यांची काय दाटी झाली असेल, ते तिथे उभे राहिल्यावर अंगावर येते.

कोट गेला, माणसे हजारोंनी पडली. एप्रिल १५९५ मध्ये बुऱ्हाण वारला, गादीसाठी भांडणे लागली आणि डिसेंबरात मोगल नगरच्या भुईकोटाखाली येऊन ठेपले. चांदबिबीच्या वाट्याला आलेले राज्य आधीच समुद्रावर रक्तबंबाळ झालेले होते. नगरमध्ये तिचा पराक्रम सांगताना हे सांगायलाच हवे, त्याने तो पराक्रम मोठाच होतो.

कोर्लई १७४० मध्ये मराठ्यांकडे आली. पायथ्याच्या गावातली ख्रिस्ती कुटुंबे मात्र अजून पोर्तुगीज आणि मराठी मिसळलेली बोली बोलतात, आणि तिथल्या आज्या नातवंडांना गोष्टी सांगतात त्या त्याच बोलीत.