रिकाम्या खोलीत बारमाही अळिंबी: भुसकटापासून विक्रीपर्यंत, आणि फसवणूक कुठं होते

तालुका प्रतिनिधी

घरात एखादी रिकामी खोली किंवा जुनी छपरी आहे, खळ्यावर सोयाबीनचं नाहीतर गव्हाचं भुसकट पडून आहे, तर अळिंबी घेता येते. शेत लागत नाही, ऊनही लागत नाही. मात्र मोबाईलवर जे व्हिडिओ फिरतात, त्यात 'महिन्यात लाखो' एवढंच सांगतात. काम कसं करायचं आणि कुठं अडतं ते कुणी सांगत नाही, म्हणून ही माहिती.

अळिंबी म्हणजे एक प्रकारची बुरशी. आपल्याकडं जुनी माणसं अजून कुत्र्याची छत्री म्हणून नाक मुरडतात. पण पूर्व विदर्भात सात्या आणि कोकणात पावसाळी अळंबी लोक आवडीनं खातात. एक गोष्ट आधीच सांगतो. रानात, बांधावर उगवलेली छत्री ओळख पटल्याशिवाय खाऊ नका. काही जाती विषारी असतात आणि शिजवून विष जात नाही. आपण बोलतोय ते विकत आणलेल्या बियाण्यापासून घेतलेल्या अळिंबीबद्दल.

कोणत्या महिन्यात कोणती

हॉटेलात मिळते ती पांढरी गोल बटन अळिंबी. तिला फळ येताना 14 ते 18 अंश तापमान लागतं, म्हणजे एसी आला. तिच्या नादाला छोट्या माणसानं लागू नये. आपल्या कामाची ती धिंगरी. शिंपल्यासारखी दिसते, 20 ते 28 अंशात चांगली येते. म्हणजे पावसाळा ते फेब्रुवारी हिचा काळ. गुलाबी धिंगरी थोडी जास्त उष्णता सोसते, 30 अंशापर्यंत चालते.

मार्चनंतर पत्र्याच्या खोलीत धिंगरीचा हट्ट धरला की पिशव्या वाया जातात. उन्हाळ्यासाठी दुधी अळिंबी आहे. तिला 30 ते 35 अंश मानवतं. या दोघींची सांगड घातली तरच बारमाही उत्पादन म्हणता येईल. तरी मराठवाडा-विदर्भातल्या 42-43 अंशात दुधीलासुद्धा खोली गार ठेवावी लागतेच. छतावर पाचट टाका, भिंतीला ओली गोणपाटं लावा. मातीच्या भिंतीचं घर असेल तर निम्मं काम झालं.

भुसकट तयार करणं, इथंच सगळं ठरतं

भुसकट याच हंगामातलं, कोरडं, पावसात न भिजलेलं घ्या. गव्हाचं, सोयाबीनचं चालतं. भाताचा पेंढा असेल तर बोटाच्या दोन पेरांएवढे तुकडे करा. पोत्यात भरून 10 ते 12 तास साध्या पाण्यात बुडवून ठेवा. मग 80 अंशाच्या गरम पाण्यात तासभर ठेवा. यानं इतर बुरशी मरतात. बरेच जण कार्बेन्डाझिम आणि फॉर्मेलिनच्या पाण्यात भिजवतात. लाकूड वाचतं, पण फॉर्मेलिननं डोळे, घसा जळतो आणि आपण हे खाण्यासाठी पिकवतोय. घरच्या घरी करणाऱ्यानं गरम पाणीच वापरावं, असं माझं मत आहे.

नंतर स्वच्छ जागी उतार देऊन निथळू द्या. मूठभर भुसकट घट्ट दाबून बघा. हात ओला व्हावा, पण थेंब टपकू नये. थेंब टपकला तर अजून थांबा. जास्त ओल राहिली की पिशवी आतून सडते, वास मारते. बहुतेक नवीन लोकांच्या पिशव्या इथंच जातात.

बियाण्याला स्पॉन म्हणतात. ज्वारी किंवा गव्हाच्या दाण्यांवर पांढरी बुरशी वाढवलेली असते. पिशवीत हिरवा-काळा ठिपका दिसला किंवा आंबट वास आला तर घेऊ नका. प्रमाण ओल्या भुसकटाच्या वजनाच्या 2 टक्के. म्हणजे 10 किलो कोरडं भुसकट भिजून साधारण 25 ते 30 किलो होतं, त्याला 500 ते 600 ग्रॅम स्पॉन पुरे. तीन-तीन किलोच्या नऊ-दहा पिशव्या होतात.

हात साबणानं धुऊन, पंखा बंद करून भरा. चार बोटं भुसकट, वर कडेकडेनं स्पॉन, परत भुसकट, असे चार-पाच थर. हलकं दाबून तोंड बांधा आणि टाचणीनं वीस-पंचवीस भोकं पाडा.

खोलीतले दिवस

पहिले 15 ते 20 दिवस अंधार. पाणी द्यायचं नाही, पिशवी उघडायची नाही. आतून कापसासारखी पांढरी होऊन गठ्ठा घट्ट झाला की प्लास्टिक कापून काढा आणि गठ्ठे दोरीच्या शिंकाळ्यात टांगा. आता ओलावा हवा, 80 ते 85 टक्के. तापमान आणि आर्द्रता दाखवणारा छोटा मीटर घ्या, अंदाजावर चालू नका. दिवसातून दोन-तीनदा बारीक फवारा, जमिनीवर ओली वाळू.

हवाही खेळती पाहिजे. दांडे लांबलचक आणि छत्री बारकी येत असेल तर समजा खोलीत हवा कोंडली आहे. खिडकीला बारीक जाळी मारून ती रोज उघडा. जाळी नसेल तर माश्या येऊन अंडी घालतात आणि अळ्या पडतात. एखाद्या पिशवीवर हिरवी बुरशी दिसली की ती तिथं न झाडता अलगद बाहेर नेऊन पुरून टाका.

चार-सहा दिवसांत धिंगरी काढणीला येते. कडा वर वळायच्या आत, झुबका पिळून काढायचा. आठ-दहा दिवसांनी दुसरा, मग तिसरा तोडा. सगळं नीट जमलं तर एक किलो कोरड्या भुसकटामागं 700 ग्रॅम ते एक किलो ताजी अळिंबी मिळते.

दुधीची रीत थोडी वेगळी. पिशवी पांढरी झाली की तोंड उघडून वर वाफवलेली माती आणि जुनं कुजलेलं शेणखत यांचा दोन-तीन सेंटिमीटर थर द्यायचा. तो ओला ठेवला की आठ-दहा दिवसांनी कळ्या दिसायला लागतात. दुधी टिकते जास्त, वाहतुकीला बरी.

एक काळजी घ्या. पिकलेल्या छत्रीतून पिठासारखे बारीक बीजाणू उडतात. दमा असलेल्या माणसानं त्या खोलीत काम करू नये आणि कुणीच तिथं झोपू नये. काढणीला तोंडाला रुमाल बांधा.

खिडकीतली हिरवळ

अळिंबीबरोबर घरात मेथी, मोहरीचे कोवळे कोंबही घेता येतात. पसरट ट्रेमध्ये दोन बोटं कोकोपीट, वर दाट बी, आठ-दहा दिवसांत कात्रीनं कापा. पुदिन्याच्या काड्या बाटलीतल्या पाण्यात मुळं धरतात. पण यांना उजेड लागतो, अंधाऱ्या खोलीत पिवळी पडून लोळतात. बी किराणा दुकानातलं खायचंच घ्या. कृषी केंद्रातलं रंग लावलेलं बी औषध चोळलेलं असतं, त्याचे कोंब खायचे नाहीत.

पैसे गुंतवण्याआधी

'स्पॉन आमच्याकडून घ्या, सगळा माल आम्ही उचलू' असं सांगून बचत गटांकडून आगाऊ रकमा घेणारे गावोगाव फिरतात. माल निघाला की फोन लागत नाही. असल्या कागदावर सही करण्याआधी त्यांनी मागच्या वर्षी कुणाचा माल उचलला ती दोन-चार नावं मागा आणि स्वतः जाऊन विचारा. प्रशिक्षणासाठी जिल्ह्याच्या कृषी विज्ञान केंद्रात चौकशी करा. पुण्याच्या कृषी महाविद्यालयात अळिंबीचा संशोधन प्रकल्प आहे. देशाचं अळिंबी संशोधन संचालनालय हिमाचलात सोलन इथं आहे.

सुरुवात दहा पिशव्यांनी करा, आणि त्याआधी गिऱ्हाईक शोधा. ताजी धिंगरी बाहेर एखादा दिवस, फ्रीजमध्ये तीन-चार दिवस टिकते. तालुक्याच्या बाजारात अजून सगळ्यांना ती माहीत नाही. धाबे, खानावळी, शाळेतले मास्तर, दवाखान्यातले कर्मचारी इथून ओळख वाढते. उरलेली उन्हात वाळवा. दहा किलोची एक किलो होते, उन्हामुळं ड जीवनसत्त्वही वाढतं आणि डब्यात महिनोन्महिने राहते. वाळवून पाकिटात विकायची तर अन्न सुरक्षा नोंदणी लागते, अर्ज ऑनलाइन होतो.

तीन तोडे झालेलं भुसकट टाकू नका, गांडूळखताच्या बेडला घाला. फॉर्मेलिन वापरलं असेल तर जनावरांपुढं मात्र टाकू नका.