पायलीपासून मोलपर्यंत

कर्जतच्या कृषी संशोधन केंद्रातून ‘कर्जत-१८४’सारखी भाताची वाणे निघाली. अशा वाणांचे उत्पन्न छापून येते ते क्विंटल प्रति हेक्टरमध्ये. बांधावरचा शेतकरी मात्र गुंठ्याला किती, एवढेच विचारतो. उत्तर सोपे आहे. क्विंटल म्हणजे १०० किलो आणि हेक्टर म्हणजे १०० आर. शंभराने शंभर गेले, म्हणून हेक्टरी ४० क्विंटल म्हणजे आरामागे ४० किलो. गुंठा आरापेक्षा किंचित मोठा. इंग्रजी मोजणीतल्या ३३ फुटांच्या साखळीचा तो चौरस, १०८९ चौरस फूट, म्हणजे १०१.१७ चौरस मीटर. तेव्हा गुंठ्याला सुमारे साडेचाळीस किलो भात.

आकड्याशेजारी एकक लिहायचे, वरचे आणि खालचे सारखे दिसले की छेद द्यायचा, शेवटी हवे ते एकक उरले का पाहायचे. हीच रीत अकरावीच्या रसायनशास्त्राच्या आरंभी भेटते आणि अनेक मुलांना ती परकी वाटते. खरे तर कर्जत-खालापूरच्या खळ्यावर तिचे अर्धे गणित पिढ्यान्पिढ्या चालत आले आहे.

खळ्यावर भात मापाने मोजला जाई. दोन निळव्यांचे कोळवे, दोन कोळव्यांचे चिपटे, दोन चिपट्यांचे मापटे, दोन मापट्यांचा शेर, दोन शेरांची अधोली, दोन अधोल्यांची पायली. निळव्यापासून पायलीपर्यंत सारी दुपटीची चढण. पुढे मात्र वाट फुटे: मण कुठे बारा पायल्यांचा, कुठे सोळांचा, आणि अशा वीस मणांची खंडी. म्हणून नुसते ‘दोन मण’ पुरत नसे. कुठल्या गावचा मण, हे धरूनच सौदा होई. माप सपाट भरायचे की शीग लावून, हेही आधी ठरे. शाळेत पावकी, निमकी, सवायकी, दिडकी, औटकी हे अपूर्णांकांचे पाढे घोकून घेत, ते याच रूपांतरांसाठी. ही पाठांतराची पद्धत कमी प्रतीची होती असे मला मुळीच वाटत नाही. दशांश चिन्ह न वापरता पाऊणशे पायल्यांचे मण तोंडी सांगणारे डोके फार तयारीचे असे.

१९५६ च्या वजनमापांच्या कायद्याने ही वाट सरळ केली. ८० तोळ्यांचा शेर ९३३.१० ग्रॅमचा, तोळा ११.६६३८ ग्रॅमचा ठरला. १ एप्रिल १९५७ ला नवे पैसे आले, १९५८ च्या ऑक्टोबरात मेट्रिक वजने येऊ लागली आणि १९६२ पर्यंत ती सक्तीची झाली. मण-शेरांतले भाव किलोत बसवताना दुकानदार आणि गिऱ्हाईक दोघांनाही रोज रूपांतर करावे लागले.

पण कायद्याला एक गोष्ट ठरवता येत नव्हती: पायलीत किती किलो मावतात. तोळ्याचा शेर वजनाचा आणि पायलीतला शेर मापाचा. नाव एक, वस्तू दोन. टरफलासकट भात हलका, त्याच पायलीत तांदूळ वजनाने जास्त, आणि ओले भात वाळलेल्याहून वेगळे. मापाचे वजन करायचे तर ‘कशाची पायली?’ हे विचारावेच लागते. रूपांतराचे गुणक असे दोन जातींचे असतात. एक माणसांनी ठरवलेले, दुसरे पदार्थाने ठरवलेले. रसायनशास्त्रात त्या दुसऱ्याचे नाव घनता. शाळेत हा फरक पुरेसा ठासून सांगितला जात नाही, आणि तिथेच मुले अडतात असे माझे ठाम मत आहे.

आकड्याबरोबर एककालाही गणितात वागवायचे, हा विचार युरोपात एकोणिसाव्या शतकात रुळला. १८२२ च्या उष्णतेवरील ग्रंथात गणितज्ञ फूरिएने राशींच्या मितींचा विचार मांडला. १८७३ मध्ये भौतिकशास्त्रज्ञ मॅक्सवेलने विद्युत आणि चुंबकत्वावरील ग्रंथाच्या आरंभीच सांगितले की कोणतीही राशी एक संख्या आणि एक एकक यांनी मिळून होते. एकक हा गुणाकारातला घटक ठरला, तसा त्याला छेदही देता येऊ लागला.

घनतेचा गुणक चुकला तर काय होते, ते २३ जुलै १९८३ ला कॅनडात दिसले. एअर कॅनडाच्या नव्या विमानाचे इंधन किलोत मोजायचे होते. टाक्यांतल्या लिटरांना १.७७ ने गुणले गेले. तो गुणक पौंडांचा. किलोचा सुमारे ०.८. विमान हवे त्याच्या निम्म्याहून कमी इंधन घेऊन उडाले आणि दोन्ही इंजिने आकाशात बंद पडली. वैमानिकांनी ते गिमली इथल्या जुन्या धावपट्टीवर तरंगत आणून उतरवले. सारे प्रवासी वाचले.

खालापूर तालुक्यात या गुणकाशी रोजचा संबंध येतो. रसायनीला हिंदुस्तान ऑरगॅनिक केमिकल्स उभी राहिली, खोपोली-पाताळगंगेच्या पट्ट्यात कारखाने आले. द्रव टाकीत लिटरांनी मोजला जातो, विकला जातो किलोंनी आणि विक्रियेत धरला जातो मोलांनी, म्हणजे रेणूंच्या संख्येने. ९८ टक्के गंधकाम्लाचे उदाहरण घ्या. त्याची घनता मिलिलिटरला १.८४ ग्रॅम, म्हणून लिटरभर द्रव १८४० ग्रॅमचा. त्यात आम्ल ९८ टक्के, म्हणजे सुमारे १८०३ ग्रॅम. रेणुवस्तुमान ९८, भागले की लिटरला साधारण १८.४ मोल. यातले लिटरचे १००० मिलिलिटर माणसांनी ठरवलेले, १.८४ हा आकडा आम्लाचा स्वतःचा, आणि तापमान चढले की तोही किंचित उतरतो, म्हणून घनतेच्या तक्त्यात शेजारी तापमान छापलेले असते.