बंदिस्त सापांचा विषाणुजन्य रोग : कारणशोधाचा इतिहास

प्रस्तावना :
रोगाचा इतिहास हा पुष्कळदा त्याच्या कारणाविषयीच्या समजुतींचा इतिहास असतो. बोआ व अजगर या वर्गांतील बंदिस्त सापांना होणारा ‘इन्क्लुजन बॉडी डिसीज’ हे त्याचे बोलके उदाहरण होय. हा रोग १९७० च्या दशकाच्या मध्यापासून ज्ञात होता. त्याच्याशी निगडित असलेला विषाणू मात्र २०१२ मध्ये उजेडात आला. मधल्या काळात संशय दुसऱ्याच विषाणूवर होता. हा संशय कसा निर्माण झाला व कसा दूर झाला, याचा आढावा प्रस्तुत लेखात घेतला आहे.

रोगाची ओळख :
अमेरिकेतील सर्पसंग्रहांत हा रोग प्रथम लक्षात आला. रोगी साप गिळलेले भक्ष्य ओकून टाकीत, त्यांचे वजन घटत जाई. उताणे ठेवल्यास त्यांना सुलटे होता येत नसे. काहींची मान ताठरून डोके आकाशाकडे वळलेले राही. मृत सापांच्या यकृत, मूत्रपिंड, मेंदू इत्यादी अवयवांच्या पेशींत, रंगद्रव्य वापरून पाहिल्यास, गुलाबी गोळे दिसत. त्यांवरूनच रोगाला नाव मिळाले. आरंभी हा रोग मुख्यतः ब्रह्मदेशी अजगरांत आढळे; १९९० च्या दशकात तो बोआ सापांत अधिक दिसू लागला.

या रोगावर उपचार नव्हता. निदान निश्चित झालेल्या सापास वेदनारहित मरण देऊन उर्वरित संग्रह वाचवावा, असाच सल्ला पशुवैद्यक देत. त्यामुळे रोगाच्या कारणाचा प्रश्न केवळ प्रयोगशाळेपुरता मर्यादित नव्हता. कोणता साप ठेवावा व कोणता मारावा, हा निर्णय त्यावर अवलंबून होता.

रेट्रोव्हायरसचा संशय :
१९९४ मध्ये शूमाकर व सहकाऱ्यांनी या रोगाचे सविस्तर वर्णन प्रसिद्ध केले. इलेक्ट्रॉन सूक्ष्मदर्शकाखाली रोगी सापांच्या ऊतींत रेट्रोव्हायरससारखे कण आढळल्याने तोच रोगकारक असावा, असे अनुमान निघाले. ते तत्कालीन पुराव्याशी सुसंगत होते. तथापि २००२ मध्ये झुरिच येथील संशोधकांनी अजगरांतील रेट्रोव्हायरसचा अभ्यास केला, तेव्हा तो अजगरांच्या स्वतःच्या जनुकसंचातच वास करून असल्याचे दिसून आले. म्हणजे तो निरोगी अजगरातही सापडणार होता. संशयित सापडला होता; गुन्हा सिद्ध झाला नव्हता.

२०१२ चा शोध :
या कोंडीतून वाट निघाली ती एका सर्पपालक महिलेच्या विनंतीमुळे. तिने कॅलिफोर्निया विद्यापीठाच्या सॅन फ्रान्सिस्को येथील संशोधक जोसेफ डेरिसी यांना या रोगाचा शोध घेण्याविषयी लिहिले. डेरिसी, मार्क स्टेंगलाइन व सहकाऱ्यांनी रोगी सापांच्या ऊतींतील जनुकीय द्रव्याचे क्रमवाचन केले. या पद्धतीत अमुकच विषाणू शोधायचा, असे आधी ठरवावे लागत नाही. त्यातून अरेनाव्हायरस कुळातील नवे विषाणू हाती आले. लासा तापाचा विषाणू याच कुळातील असून हे कुळ तोवर सस्तन प्राण्यांपुरते, मुख्यतः उंदीरवर्गीयांपुरते, मानले जात होते. पेशींतील ते गुलाबी गोळे या विषाणूच्याच न्यूक्लिओप्रोटीनचे बनलेले असल्याचे पुढे आले. लवकरच फिनलंड व नेदरलँड्स येथील अभ्यासकांनाही असेच विषाणू आढळले. सापांतील या विषाणूंना आज ‘रेप्टअरेनाव्हायरस’ म्हटले जाते.

कार्यकारणभावाची कसोटी :
रोगी सापात विषाणू सापडणे म्हणजे तोच कारण असल्याचे सिद्ध होणे नव्हे. रेट्रोव्हायरसच्या प्रकरणाने हेच शिकवले होते. म्हणून निरोगी बोआ व बॉल पायथन सापांना हेतुपुरस्सर संसर्ग देऊन पाहण्यात आले. २०१७ मध्ये प्रसिद्ध झालेले निष्कर्ष लक्षणीय होते. बोआ सापांच्या रक्तात विषाणू टिकून राहिला, पेशींत गोळेही तयार झाले. परंतु दोन वर्षांपर्यंत ते बाह्यतः निरोगी राहिले. बॉल पायथन मात्र दोन महिन्यांच्या आत तीव्र मज्जाविकाराने ग्रस्त झाले.

या निष्कर्षाचे ऐतिहासिक महत्त्व मोठे आहे. बोआ हा मध्य व दक्षिण अमेरिकेतील, तर बॉल पायथन हा पश्चिम व मध्य आफ्रिकेतील साप. निसर्गात त्यांची गाठ पडत नाही. ती माणसाच्या संग्रहातच पडते. २०१५ मधील अभ्यासांत बंदिस्त सापांच्या शरीरात एकाच वेळी अनेक प्रकारचे रेप्टअरेनाव्हायरस आढळून त्यांच्या जनुकखंडांची देवाणघेवाण झाल्याचे दिसले होते. २०२२ मध्ये कोस्टा रिका येथील वन्य बोआ सापांतही हा रोग असल्याचे प्रसिद्ध झाले. यावरून हा रोग केवळ बंदिवासातून उपजलेला नाही, हे स्पष्ट होते. परंतु भिन्न खंडांतील साप एकत्र ठेवून त्याला नवे यजमान मिळवून देण्याचे काम बंदिवासाने केले असावे.

निष्कर्ष :
या इतिहासातून दोन गोष्टी निष्पन्न होतात. पहिली, रोगाच्या ठिकाणी आढळलेला विषाणू व रोगाला कारण झालेला विषाणू यांत अंतर असते. ते प्रयोगानेच भरून काढावे लागते. दुसरी, निरोगी दिसणारा साप संसर्गमुक्त असेलच असे नाही. म्हणूनच नव्या सापास काही काळ विलग ठेवणे, त्याच्या रक्ताची तपासणी करणे आणि बोआ व अजगर एकत्र न ठेवणे हे उपाय आवश्यक ठरतात. उपचार अद्याप उपलब्ध नसताना सापांचे रक्षण मुख्यतः त्यांना सांभाळणाऱ्यांच्या दक्षतेवरच अवलंबून आहे.