राईलसाहेबांची नळी

“पेशंटला आरटी घातलीय, तोंडाने काही देऊ नका,” असं सिस्टर बजावते. नातेवाइकांना दिसते ती नाकातून बाहेर आलेली, चिकटपट्टीने डकवलेली नळी. आरटी म्हणजे राइल्स ट्यूब. जॉन आल्फ्रेड राईल हे लंडनच्या गाइज हॉस्पिटलातले डॉक्टर. त्यांनी नळी केली ती मात्र पोटातलं बाहेर काढायला. कुणाला भरवायला नव्हे.

साल 1921. खाल्ल्यावर जठरात आम्ल कधी आणि किती तयार होतं, हे राईल यांना पाहायचं होतं. जुन्या जठरनळ्या चांगल्या जाडजूड. तसली नळी घशात घेऊन दोन-अडीच तास बसणार कोण? म्हणून त्यांनी बारीक, मऊ रबराची नळी घेतली आणि गिळल्यावर ती आपसूक खाली उतरावी म्हणून टोकाला वजन दिलं. ओटची पेज पाजायची आणि दर पाव तासाने थोडा रस ओढून तपासायचा. बेनेट या सहकाऱ्यासोबत त्यांनी 100 धडधाकट पुरुषांची अशी तपासणी केली. पोटाची काहीच तक्रार नसलेल्या माणसांतही आम्लाचं प्रमाण भलतंच कमी-जास्त निघालं.

नळीने भरवण्याची युक्ती त्याहून बरीच जुनी. अठराव्या शतकाच्या अखेरीस, गिळण्याचे स्नायू लुळे पडलेल्या एका रोग्याला जॉन हंटर या सर्जनने ईल माशाच्या कातडीच्या नळीतून अंडी, दूध, साखर असं पोटात पोचवलं. रोगी बरा झाला. पुढे राईलची बारीक नळी हाताशी आल्यावर तिच्यावर दोन्ही कामं पडली. आतडं अडलं की पोट रिकामं करायचं, गिळता येत नसेल तर भरायचं.

नळी चुकली तर काय होतं, हे आपल्याकडच्या तुरुंगांनीही पाहिलंय. लाहोरच्या तुरुंगात उपोषणाला बसलेले क्रांतिकारक जतीन दास यांना नळीने बळजबरीने भरवताना त्यांच्या फुप्फुसांना इजा झाली. 63 दिवसांच्या उपोषणानंतर 13 सप्टेंबर 1929 रोजी ते गेले.

म्हणून या नळीचं खरं कसब घालणाऱ्याच्या हातात असतं. आधी माप. नाकाच्या शेंड्यापासून कानाच्या पाळीपर्यंत, तिथून छातीच्या हाडाच्या खालच्या टोकापर्यंत; तेवढ्यावर खूण. टोकाला जेली लावायची, पेशंट शुद्धीवर असेल तर हनुवटी छातीकडे घ्यायला लावायची आणि “गिळा, गिळा” म्हणत प्रत्येक घोटासरशी नळी थोडी पुढे सरकवायची. ठसका लागला, चेहरा निळसर पडला की लगेच मागे. सिरिंजने हवा सोडून पोटावर स्टेथोस्कोप लावायची पद्धत अजून चालते, पण ती फसवी आहे. ओढलेल्या रसाचा आम्लपणा कागदावर तपासावा. शंका राहिली तर एक्स-रे काढावा.

फीड देताना डोक्याकडची बाजू उंच. डाळीचं पाणी, पेज, दूध, सगळं गाळून. नाहीतर एका शिताने नळी तुंबते. सिरिंजचा दट्ट्या काढून नुसतं नळकांडं वर धरायचं आणि आतलं आपल्या वजनाने उतरू द्यायचं. नातेवाईक दट्ट्या दाबून दोन मिनिटांत मोकळे होऊ पाहतात. मग पोट फुगतं, उलटी होते. शेवटी साधं पाणी सोडून नळी धुवायची, आणि पेशंटला निदान अर्धा तास तरी आडवं करायचं नाही.