संगणक-प्रक्रियकाच्या पिढ्या व खरेदीची वेळ

आज्ञावलीतील आज्ञा क्रमाने वाचून त्यांनुसार गणितीय व तार्किक क्रिया पार पाडणारा संगणकाचा घटक म्हणजे प्रक्रियक होय. व्यवहारात त्यास ‘प्रोसेसर’ असे म्हणतात. प्रक्रियकाच्या रचनेत ठराविक काळाने मोठे बदल होतात व प्रत्येक बदलाबरोबर त्याची नवी पिढी अस्तित्वात येते. नव्या पिढीचा वेग अधिक असतो. तीच क्रिया करण्यास तिला बहुधा कमी वीज लागते आणि ती बाजारात येताच जुन्या पिढीची किंमत उतरते. त्यामुळे संगणक घेऊ इच्छिणाऱ्या व्यक्तीपुढे, संस्थेपुढे किंवा शासनापुढे एक प्रश्न सदैव उभा राहतो : आज उपलब्ध असलेला प्रक्रियक घ्यावा, की येऊ घातलेल्या पिढीची वाट पहावी? हा प्रश्न वरकरणी केवळ किंमतीचा वाटतो. परंतु महाराष्ट्रातील संगणकाच्या इतिहासाकडे पाहिल्यास त्यात वेळ, स्वावलंबन व सार्वजनिक पैशाचा विनियोग हे विषयही गुंतलेले असल्याचे दिसून येते.

निर्वात नलिकांचा काळ : मुंबई येथील टाटा मूलभूत संशोधन संस्थेत रं. नरसिंहन यांच्या नेतृत्वाखाली भारतीय बनावटीचा पहिला मोठा अंकीय संगणक तयार करण्यात आला. त्याची प्रायोगिक आवृत्ती १९५६ मध्ये चालू झाली व पूर्ण स्वरूपातील यंत्र १९६० मध्ये कार्यान्वित झाले. ‘टिफरॅक’ या नावाने ते ओळखले जाते. त्यात सु. २,७०० निर्वात नलिका, १,७०० जर्मेनियम डायोड व १२,५०० रोधक होते. त्याची चुंबकीय गाभ्यांची स्मृती २,०४८ शब्दांची असून प्रत्येक शब्द ४० अंकांचा होता. तथापि हे यंत्र पूर्ण होईपर्यंत पाश्चात्त्य देशांत निर्वात नलिकेची जागा ट्रँझिस्टराने घेण्यास प्रारंभ झाला होता. यंत्र चालू झाले ते मावळत्या पिढीचे म्हणूनच. १९६४ मध्ये याच संस्थेत कंट्रोल डेटा कॉर्पोरेशन या अमेरिकन कंपनीचा सी.डी.सी. ३६०० हा ट्रँझिस्टरयुक्त संगणक बसविण्यात आला आणि लवकरच टिफरॅकचा वापर थांबला.

केवळ वेगाचा हिशेब केल्यास टिफरॅकवरील श्रम वाया गेले, असा निष्कर्ष निघेल. पण तो योग्य ठरणार नाही. संगणकाची रचना, देखभाल व आज्ञावलीलेखन जाणणारा पहिला भारतीय वर्ग या कामातूनच तयार झाला. नंतर आलेल्या सी.डी.सी. यंत्राचा देशातील अनेक संशोधन संस्थांनी उपयोग करून घेतला, त्यास हा अनुभव कारणीभूत होता. वाट पाहण्याच्या काळात यंत्राबरोबर ज्ञानही येत नाही, ही गोष्ट अशा हिशेबात बहुधा सुटून जाते.

मागील पिढीची यंत्रे : व्यापारी क्षेत्रात निराळा प्रकार घडला. आय.बी.एम. या कंपनीने १४०१ हा संगणक १९५९ मध्ये जाहीर केला. मुंबईतील एस्सो या तेल कंपनीत १९६१ मध्ये तो बसविण्यात आला. पुढे १९६४ मध्ये त्याच कंपनीने सिस्टिम/३६० ही नवी मालिका जाहीर केल्यावर परदेशांतील ग्राहकांनी १४०१ यंत्रे परत करण्यास सुरुवात केली. त्यांपैकी काही दुरुस्त करून भारतात आणण्यात आली व येथील ग्राहकांना भाड्याने देण्यात आली. परदेशात जे यंत्र निवृत्त होत होते, ते येथे अनेक वर्षे चालू राहिले.

या व्यवहारावर संसदेच्या लोकलेखा समितीने १९७५–७६ च्या आपल्या अहवालात टीका केली. जुन्या यंत्राची मूळ किंमत परदेशातच वसूल झालेली असताना त्यासाठी भारतीय ग्राहकाने किती भाडे द्यावे, हा त्यातील कळीचा मुद्दा होता. मागील पिढीचे यंत्र घेणे हे मुळात चूक नव्हते. हिशेब, वेतनपत्रके व विम्याची नोंद यांसारख्या कामांना १४०१ पुरेसा होता. दोष होता तो जुन्या पिढीची किंमत जुन्या पिढीप्रमाणे न उतरण्यात आणि ग्राहकास दुसरा पर्याय नसण्यात. परकी चलन विनिमय नियमन कायद्यानुसार भांडवलातील परदेशी हिस्सा कमी करण्याचा आग्रह धरला गेल्यावर आय.बी.एम. ने १९७८ मध्ये भारतातील आपले काम बंद केले.

परम संगणक व प्रक्रियकाची निवड : खरेदीची वेळ साधण्याचे सर्वांत बोधप्रद उदाहरण पुणे येथील प्रगत संगणन विकास केंद्राचे, म्हणजेच सी-डॅकचे होय. हवामानाच्या अंदाजासाठी भारतास अमेरिकेकडून क्रे बनावटीचा महासंगणक हवा होता. मागितलेले प्रतिमान नाकारण्यात येऊन त्याहून कमी क्षमतेचे एक्स-एम.पी./१४ हे प्रतिमान देऊ करण्यात आले. या पार्श्वभूमीवर १९८८ मध्ये सी-डॅकची स्थापना झाली. अकोला जिल्ह्यातील मुरंबा येथे जन्मलेले संगणकशास्त्रज्ञ विजय भटकर हे तिचे प्रमुख होते. तीन वर्षांची मुदत व सु. तीस कोटी रुपयांचा निधी त्यांना देण्यात आला होता.

मुदत तीनच वर्षांची असल्याने स्वतःचा प्रक्रियक तयार करणे किंवा उत्तम प्रक्रियकाची वाट पाहणे, हे दोन्ही मार्ग बंद होते. बाजारात मिळणारे अनेक लहान प्रक्रियक एकत्र जोडून त्यांच्याकडून समांतर रीतीने काम करवून घ्यावे, असे ठरले. ब्रिटनमधील इन्मॉस कंपनीचा टी-८०० हा ट्रान्सप्यूटर १९८७ पासून उपलब्ध होता. अपूर्णांकी गणितासाठीचे एकक आणि इतर प्रक्रियकांशी जोडणारे चार संदेशमार्ग त्याच्या एकाच चकतीवर असल्यामुळे तो या कामास विशेष सोयीचा होता. त्याच्या आधारे तयार झालेला ‘परम ८०००’ हा संगणक १९९१ मध्ये जाहीर करण्यात आला व त्याच सुमारास तो मॉस्को येथेही बसविण्यात आला.

यानंतरचा टप्पा निवडीच्या दृष्टीने अवघड होता. इन्मॉसने १९९१ मध्ये टी-९००० हा पुढील पिढीचा ट्रान्सप्यूटर जाहीर केला. तो टी-८०० च्या दहापट वेगवान होईल, असे सांगण्यात आले होते. ज्यांची यंत्रे व आज्ञावल्या ट्रान्सप्यूटरवर उभ्या होत्या, त्यांच्यासाठी त्याची वाट पाहणे हा स्वाभाविक मार्ग होता. परंतु टी-९००० ला विलंब होत गेला, अपेक्षित वेग कधीच गाठला गेला नाही आणि अखेर तो प्रकल्पच सोडून देण्यात आला. दरम्यान अन्य कंपन्यांचे प्रक्रियक पुढे निघून गेले होते. त्याच्या भरवशावर थांबलेल्यांची वर्षे त्यामुळे वाया गेली.

सी-डॅकने १९९२ मध्ये इंटेल कंपनीच्या आय-८६० या प्रक्रियकाची जोड देऊन ‘परम ८६००’ तयार केला. त्याच्या प्रत्येक केंद्रात एक आय-८६० व चार ट्रान्सप्यूटर होते. गणनेचे काम नव्याकडे आणि संदेशवहनाचे जुन्याकडे अशी ही वाटणी होती. आज्ञावलीलेखनाचे वातावरण तेच ठेवल्यामुळे आधी लिहिलेल्या आज्ञावल्या नव्या यंत्रावर नेता आल्या. १९९४ मध्ये दाखविण्यात आलेल्या ‘परम ९०००’ ची रचना याच अनुभवातून साकारलेली दिसते. तीत प्रक्रियक बदलता येईल अशी सोय प्रारंभापासूनच होती व तिच्या निरनिराळ्या आवृत्त्यांत सुपरस्पार्क, अल्ट्रास्पार्क व अल्फा हे प्रक्रियक वापरण्यात आले. पुढे ‘परम १००००’ (१९९८) मध्ये अल्ट्रास्पार्क, ‘परम पद्म’ (२००२) मध्ये पॉवर-४ आणि ‘परम युवा’ (२००८) मध्ये इंटेलचे प्रक्रियक आले. ‘परम युवा’ ची कमाल क्षमता सेकंदास सु. ५४ लाख कोटी क्रियांची होती; २०१३ मध्ये कार्यान्वित झालेल्या ‘परम युवा-२’ ची ५२४ लाख कोटी क्रियांची, म्हणजे पाच वर्षांत जवळजवळ दहापट झाली. कोणत्या पिढीचा प्रक्रियक घ्यावा या प्रश्नास सी-डॅकने दिलेले उत्तर असे सांगता येईल : मिळेल तो घ्यावा, परंतु तो बदलणे सोपे राहील अशी रचना ठेवावी.

प्रतीक्षेचे गणित : इंटेलचे एक संस्थापक गॉर्डन मूर यांनी चकतीवरील घटकांच्या संख्येतील वाढीविषयीचा आपला अंदाज १९६५ मध्ये मांडला, १९७५ मध्ये त्यांनी दुपटीचा काळ सु. दोन वर्षे असा सुधारून दिला. संगणकाची क्षमता अठरा महिन्यांत दुप्पट होते, असे त्याचे एक लोकप्रिय रूप आहे. हे रूप गृहीत धरून ॲरिझोना विद्यापीठातील काही संशोधकांनी १९९९ मध्ये दीर्घ गणनांचा विचार केला. आजच्या यंत्रावर जी गणना सु. २६ महिन्यांपेक्षा कमी काळात पुरी होईल, ती ताबडतोब सुरू करावी. त्याहून दीर्घ असल्यास काही काळ थांबून नवे यंत्र घेतल्यास ती लवकर संपेल, असे त्यांचे उत्तर होते.

उदा., आजच्या यंत्रावर ३६ महिने लागणारी गणना घेतल्यास साडेआठ महिने थांबणे सर्वांत लाभाचे ठरते. तेवढ्या अवधीत यंत्राचा वेग सु. १.३९ पट होतो, गणना २६ महिन्यांत संपते आणि एकूण साडेचौतीस महिने लागतात. म्हणजे साडेआठ महिने रिकामे बसून बचत होते ती जेमतेम दीड महिन्याची. गणना ६० महिन्यांची असल्यास मात्र सु. २२ महिने थांबून एकूण १२ महिने वाचतात. सामान्य कार्यालय, शाळा वा घर यांतील काम अशा प्रकारे एका दीर्घ गणनेचे नसते. ते रोजचे असते. तेथे थांबलेला प्रत्येक महिना हा कामाविना गेलेला महिना होय.

शिवाय या गणितामागील गृहीतेही कायम राहिलेली नाहीत. २००४ च्या सुमारास प्रक्रियकाचा स्पंदवेग वाढविणे उष्णतेमुळे अवघड झाले व एकाच चकतीवर अनेक गाभे बसविण्याचा मार्ग उत्पादकांनी धरला. एकेका गाभ्याच्या वेगातील वाढ त्यानंतर मंदावली. २०२० ते २०२२ या काळातील चकत्यांच्या जागतिक टंचाईमुळे थांबणाऱ्यास स्वस्त माल मिळेलच, हा समजही खोटा ठरला.

अगदी नव्या पिढीतील धोके : नवी पिढी बाजारात येताच ती घेण्यातही जोखीम असते. इंटेलचा पेंटियम हा प्रक्रियक १९९३ मध्ये आला. त्याच्या भागाकाराच्या एककात दोष असल्याचे १९९४ मध्ये अमेरिकन गणितज्ञ टॉमस नाइसली यांच्या निदर्शनास आले. प्रारंभीच्या टाळाटाळीनंतर कंपनीने त्याच वर्षाच्या डिसेंबरमध्ये सदोष प्रक्रियक बदलून देण्याचे मान्य केले व त्यापोटी ४७.५ कोटी डॉलरची तरतूद करावी लागली. आय-८६० चा जाहीर वेगही प्रत्यक्ष कामात क्वचितच मिळे, कारण त्याच्या रचनेचा पुरता लाभ घेणारे भाषांतरक कार्यक्रम तयार करणे कठीण गेले.

तालुक्याच्या गावातील प्रश्न : महासंगणकाच्या खरेदीत जो पेच पडतो, तोच लहान प्रमाणावर देगलूरसारख्या गावातही पडतो. नांदेड जिल्ह्याच्या दक्षिण टोकास, तेलंगण व कर्नाटक यांच्या सीमांलगत वसलेल्या या गावास यंत्र व त्याचे सुटे भाग यांसाठी नांदेड वा हैदराबाद येथील बाजाराकडे पहावे लागते. २००१ मध्ये स्थापन झालेल्या महाराष्ट्र ज्ञान महामंडळाच्या एम.एस.-सी.आय.टी. या अभ्यासक्रमामुळे राज्यातील तालुक्यांच्या गावी संगणक-प्रशिक्षण केंद्रे निघाली आणि प्रक्रियकाच्या पिढ्यांची चर्चा तेथवर पोहोचली. त्या दशकात ग्रामीण भागास दीर्घ भारनियमन सोसावे लागले. अशा ठिकाणी ठराविक रकमेतून सर्वांत नवा प्रक्रियक घेण्यापेक्षा मागील पिढीचा घेऊन उरलेल्या पैशात विद्युत् घटमाला व अधिक स्मृती घेणे शहाणपणाचे असते. कारण वीज नसलेल्या वेळी सर्व पिढ्यांचा वेग सारखाच असतो.

शाळा व शासकीय कार्यालये यांच्या बाबतीत आणखी एक अडचण असते. मंजूर निधी ३१ मार्चपूर्वी खर्च न झाल्यास तो परत जातो. त्यामुळे तेथे वाट पाहण्याची किंमत सहा महिन्यांचा विलंब एवढीच नसून कित्येकदा संपूर्ण संगणककक्षच गमावणे ही असते. उलट घाईने घेतलेले यंत्र लवकर निरुपयोगी होण्याचाही संभव असतो. मायक्रोसॉफ्टने विंडोज १० ची सर्वसाधारण सुरक्षा-सेवा १४ ऑक्टोबर २०२५ रोजी थांबविली. विंडोज ११ साठी इंटेलच्या बाबतीत सर्वसाधारणपणे २०१७ मध्ये आलेली आठवी पिढी किंवा तिच्या नंतरची पिढी आवश्यक धरण्यात आली आहे. परिणामी लेखन, हिशेब व अध्यापन यांसाठी पुरेसा वेग असलेली अनेक जुनी यंत्रे केवळ पिढीच्या अटीमुळे बाद ठरतात. लिनक्ससारखी मुक्त प्रणाली वापरून अशा यंत्रांचे आयुष्य वाढविता येते. मात्र ती हाताळणारा जाणकार जवळपास असावा लागतो.

निवडीची सूत्रे : वरील इतिहासावरून काही सर्वसाधारण सूत्रे निघतात. काम अडलेले असल्यास उपलब्ध प्रक्रियक घ्यावा. नव्या पिढीचा दिवस निश्चित झालेला असून तो थोड्याच आठवड्यांवर असेल, तर तेवढे थांबणे हिताचे असते; नवी पिढी न घेतली तरी जुनीची किंमत उतरते. केवळ घोषणा झालेल्या, परंतु हाती न आलेल्या प्रक्रियकावर योजना आखू नये. मागील पिढी घ्यावयाची तर ती मागील पिढीच्या किंमतीतच घ्यावी. तिला प्रणालीचा आधार आणखी किती वर्षे मिळेल, हे खरेदीपूर्वी तपासावे. सार्वजनिक संस्थेने खरेदीच्या निविदेतच देखभाल व पुढील बदलाची तरतूद करून ठेवावी. प्रक्रियकाची पिढी दर एक-दोन वर्षांनी बदलते. शाळेतील विद्यार्थ्यांची मात्र दरवर्षी बदलते आणि यंत्रावर हात न ठेवताच जी बाहेर पडते, तिच्यासाठी पुढील पिढीचा वेग उपयोगाचा नसतो.